मंगळवारचं घर

सहा माणसांनी मिळून केलेली चूक सहसा कोणाच्याच नावावर लागत नाही. आमची मात्र एकाच माणसाच्या नावावर लागली, आणि त्या माणसाला आम्ही गेल्या महिन्यात पुरलं. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहून द्या, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वकिलांनी मला सांगितलं. दोन शब्दांत ते भागणार नाही, आणि मी जे लिहीन ते वकिलांना आवडणारही नाही.

त्यांना सगळे किल्लीदादा म्हणत. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेरच उभं राहायचं. पाठीमागच्या भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे लटकवलेले, पुढ्यात किल्ली घासायचं यंत्र, मांडीवर पितळेचा चुरा. डोक्यावरून लोक दिवसभर जिना चढत-उतरत, आणि दादा मान वर न करता सांगत, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई निघाल्या. आज गुडघा जास्त दुखतोय त्यांचा."

घराबाहेर अडकून पडलेला कोणी आला की पिशवी उचलून ते त्याच्याबरोबर जात. अडकलात कसे, हे कधी विचारत नसत. कुलूप उघडलं की दार ढकलायचे नाहीत. दोन पावलं मागे सरून पाठ फिरवायचे. "कुलूप माझं, दार तुमचं," म्हणायचे. नवरा-बायकोच्या भांडणात बाहेर राहिलेला माणूस असो की किल्ली विसरलेला कारकून, आत काय आहे ते त्यांनी कधी बघितलं नाही. घरी वहिनी म्हणायच्या, "सगळ्या गावाची दारं उघडतात, आणि आमच्या मोरीची कडी दोन महिने झाले लोंबकळतेय." यावर दादा फक्त हसत, आणि कडी तशीच लोंबकळत राही.

आमच्या मंडळीला पूर्वी एक पाळक होते. एकशे चार घरं आणि एक माणूस. लग्न त्यांनीच लावायचं, मयत त्यांनीच करायची, रविवारी उपदेशही त्यांचाच आणि कोणाच्या मुलाचं शाळेत नाव घालायचं असेल तरी चिठ्ठी त्यांचीच. बारा वर्षांनी एका रविवारी ते उभे राहिले, पुस्तक उघडलं, आणि काहीच बोलले नाहीत. पाच मिनिटं तसेच उभे होते. मग त्यांच्या बायकोने हात धरून त्यांना खाली बसवलं. डॉक्टर म्हणाले, माणूस थकलाय. आम्ही इतकी वर्षं त्यांना पिळून काढलं होतं आणि वर म्हणत होतो, पाळकसाहेब हल्ली भेटायला येत नाहीत.

ते गेल्यावर मंडळीने ठरवलं की पुन्हा सगळं ओझं एकाच्या डोक्यावर द्यायचं नाही. सहा जण निवडायचे, कारभार सहा जणांनी मिळून करायचा, आणि घरं वाटून घ्यायची. प्रत्येक घराला आपला एक माणूस. तो ठरल्या वारी जाईल, बसेल, ऐकेल, प्रार्थना करेल. आमच्यात या कारभाऱ्यांना वडीलजन म्हणतात, मग वय काहीही असो. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो, शाळेत गणित शिकवत होतो आणि लग्नही झालेलं नव्हतं. माझी आई म्हणाली, "नवरा व्हायच्या आधीच वडील झाला."

निवडलेल्या सहांत वकील होते, मी होतो आणि किल्लीदादाही होते. घरं वाटायच्या पहिल्या बैठकीत दादा एकदाच बोलले, पण जे बोलले तो नियम झाला. उद्या एखादं घर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, तर ते कागदावर द्यायचं नाही, म्हणाले. जुन्याने नव्याला बरोबर घेऊन जायचं, दारात उभं राहून सांगायचं, आजपासून हे येतील, तिघांनी मिळून प्रार्थना करायची, आणि मग जुन्याने निघायचं. "नवीन कुलूप विकलं की किल्ली आपण गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. टेबलावर ठेवून जात नाही. तसं." वकिलांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. आम्ही त्याला दारात सोपवणं म्हणू लागलो. सहा वर्षं ही पद्धत चोख चालली. शेजारच्या मंडळ्यांतून लोक बघायला येत.

किल्लीदादांकडे अठरा घरं होती. त्यांतलं मंगळवारचं घर लिफ्टमनकाकांचं.

लिफ्टमनकाकांनी चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवली. आयुष्यभर लोक त्यांच्याशी चार मजल्यांपुरतं बोलले. कोणाला मुलगा झाला ते तळमजल्यावर कळायचं आणि त्याचं नाव काय ठेवणार ते ऐकायच्या आत तिसरा मजला यायचा. बायको गेली, लेक परगावी नोकरीला लागली, आणि निवृत्त झाल्यावर चौतीस वर्षांचं राहिलेलं सगळं बोलणं काकांना फुटलं. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, त्यांची एक खोली होती. खाली गोदाम, शेजारी बंद खोली. पलंग, खुर्ची, स्टोव्ह, आणि खिडकीत मलमाच्या बाटल्यांची रांग. तिथे गेलं की दीड तासाच्या आत सुटका नसे. आधी गुडघे, मग पोट, मग घरमालक, आणि शेवटी कोणता डॉक्टर कोणत्या मजल्यावर काय म्हणाला होता ते. दर मंगळवारी तेच. मध्येच थांबवलं तर म्हणायचे, "थांबा, अजून वर जायचंय."

खरं सांगायचं तर माणूस कंटाळवाणा होता. किल्लीदादांनाही कंटाळा येत होता, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. सहा वर्षं ते न चुकता गेले. सातव्या वर्षी घरांची फेरवाटणी झाली, तेव्हा वकिलांनी गल्लीप्रमाणे याद्या केल्या आणि लिफ्टमनकाकांचं घर माझ्या यादीत आलं. टंकलेली यादी प्रत्येकाच्या हातात पडली. काकांचं नाव मी वाचलं. सातवं होतं.

दादांची चार घरं त्या वेळी दुसऱ्यांकडे गेली. तीन त्यांनी नियमाप्रमाणे दारात सोपवली. चौथ्याला मात्र त्यांनी शेवटच्या मंगळवारी जाता जाता जिन्यातूनच सांगितलं, "काका, पुढच्या मंगळवारपासून मास्तर येतील हं. चांगले आहेत, शिकलेले आहेत." मला बरोबर न्यायचं म्हणजे पुन्हा एक दीड तास बसणं आलं, आणि त्या आठवड्यात दुकानात काम तुंबलं होतं. मास्तरांना नंतर सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग ते राहूनच गेलं. नियम त्यांनीच केलेला होता, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

आता माझं. मी वाट बघत होतो की दादा येतील आणि मला घेऊन जातील. नियम होता ना. बोलावल्याशिवाय कसं जायचं? पहिल्या आठवड्यात मी असं म्हटलं, दुसऱ्यातही. तिसऱ्यात दादांच्या दुकानावरून गेलो तेव्हा त्यांना आठवण करावी असं मनात आलं होतं. पण त्यांना आठवण केली असती तर जावं लागलं असतं. त्या नियमाइतका चांगला उपयोग मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा केला नाही.

असे चौदा आठवडे गेले.

एका शुक्रवारी सकाळी काकांचा घरमालक किल्लीदादांच्या दुकानाशी आला. म्हातारा दार उघडत नाही, म्हणाला, चार दिवस खाली उतरलेला नाही. दादांनी यंत्र बंद केलं.

"मास्तर येऊन गेले का मंगळवारी?"

"कोण मास्तर? तुम्ही यायचे बंद झालात, त्यानंतर कोणी आलेलं नाही."

दादा पिशवी घेऊन निघाले. तो जिना त्यांनी सहा वर्षं दर मंगळवारी चढला होता. दाराचं कुलूप आतून लावलेलं होतं, शिवाय काकांनी स्वतःच्या हाताने एक जास्तीचं कुलूप बसवलेलं होतं, तेही दादांच्याच दुकानातून घेतलेलं. पाच मिनिटांचं काम होतं. घरमालकाने नंतर सांगितलं की अर्धा तास लागला. कुलूप सुटल्यावर दादा सवयीने दोन पावलं मागे सरले. घरमालक दाराला हात लावेना. दोघंही तसेच उभे. शेवटी दादांनीच दार ढकललं.

काका पलंग आणि दार यांच्या मध्ये पडलेले होते. सोमवारी पडले असणार, डॉक्टर म्हणाले. खुब्याचं हाड मोडलं होतं. जवळच काठी होती आणि तिच्या टोकाने फरशीवर ठोकल्याच्या खुणा होत्या. खाली गोदाम, कोण ऐकणार? डॉक्टरांच्या अंदाजाने ते बुधवारपर्यंत जिवंत होते.

सोमवारी पडले आणि बुधवारी गेले. मधला वार कोणता, ते आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

लेक शनिवारी आली. वडिलांशी ती दर रविवारी फोनवर बोलायची. या रविवारचं बोलणं व्हायच्या आत तिला निरोप गेला. तिशीच्या आतबाहेरची, बारीक, केस घट्ट बांधलेली. मातीच्या वेळी ती रडली नाही. दफनभूमीतून परतल्यावर ती म्हणाली, "मला तुम्हा सहाही जणांशी बोलायचंय."

उपासनेच्या दालनामागे आमची बैठकीची खोली आहे. लांब टेबल, आठ खुर्च्या, भिंतीला घरांच्या वाटणीचा तक्ता. ती उभीच राहिली. आम्ही बसलो होतो, आणि कोणालाच तिला बस म्हणायचं सुचलं नाही.

"मंगळवारी बाबांकडे कोण येणार होतं?"

वकिलांनी घसा साफ केला. ते वाईट माणूस नाहीत, पण त्यांचा धंदाच तसा. "बाई, इथे जबाबदारी सामायिक असते. आम्ही सगळेच तुमचे अपराधी आहोत. आम्ही सगळेच—"

"सगळे नको," ती म्हणाली. "एक सांगा."

टेबलावर कोणीतरी पाण्याचा पेला सरकवला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. मग किल्लीदादा उठले. त्यांनी हात पुढे धरले होते, आणि नखांत पितळेचा चुरा होता.

"घर माझं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्याकडे द्यायचं होतं ते मी नीट दिलं नाही. दारात नेऊन सोपवायला हवं होतं. मी जिन्यातूनच सांगितलं आणि निघून आलो. मला तिथे बसायचा कंटाळा आला होता. दुसरं काही कारण नाही."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. इतकं उघडं बोलायचं असतं का, असा त्यांचा चेहरा होता. लेक दादांकडे वळली.

"बाबा फोनवर म्हणायचे, मास्तर येणार आहेत. दर रविवारी. मंगळवारी खुर्ची पुसून ठेवायचे." मग तिने आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "मास्तर कोण?"

मी उठणार होतो. निदान आजही मला असं वाटतं की मी उठणार होतो. पण त्याआधी दादा बोलले.

"मास्तरांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांना काही सांगितलंच नाही. त्यांचा यात संबंध नाही."

हे खोटं होतं. यादी माझ्या हातात होती, हे त्या खोलीतल्या सहाही जणांना माहीत होतं. वकिलांनी ती स्वतः वाटली होती. कोणी काही बोललं नाही. मीही मूग गिळून बसलो. पण दादांनाही ठाऊक नसलेली एक गोष्ट होती, आणि ती माझ्या समजुतीने फक्त मला आणि मेलेल्या माणसाला माहीत होती.

पाचव्या आठवड्यात एका रविवारी लिफ्टमनकाका काठी टेकत उपासनेला आले होते. गुडघ्यांमुळे ते फारसे येत नसत. उपासना सुटल्यावर फाटकाशी त्यांनी मला गाठलं. माझी बाही धरली. "मास्तर, तुम्ही येणार होतात ना?" मला कुठेतरी जायची घाई होती, कुठे, ते आता आठवतही नाही. मी म्हणालो, "येतो, येतो काका. या मंगळवारी नक्की." ते इतके खूश झाले की बाही सोडेनात. ती मीच सोडवून घेतली.

लेक त्या खोलीतून निघून गेली. संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

किल्लीदादांनी त्याच आठवड्यात वडीलपण सोडलं. वकिलांनी राजीनामा स्वीकारताना फार चांगलं भाषण केलं, आणि सगळ्यांच्याच जिवात जीव आला. एक नाव मिळालं होतं ना. मंडळीत बोललं जाऊ लागलं, किल्लीवाला चुकला. उरलेल्या पाचांवर कोणी बोट ठेवलं नाही. काही घरांनी तर आपल्या किल्ल्याही दुसरीकडून करून घ्यायला सुरुवात केली, जणू दादांच्या हातची किल्ली लागली तर दार उघडल्यावर आत कोणी मेलेलं सापडेल. दादा रविवारी येत, शेवटच्या बाकावर बसत आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जात. वहिनी मात्र पहिल्याच बाकावर बसायच्या, ताठ. एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, आमच्या ह्यांना एकटं पाडलंत हो सगळ्यांनी." सगळ्यांनी, म्हणाल्या. मी म्हटलं, हो ना.

दादांची चौदा घरं आमच्यात वाटली गेली. नऊ माझ्याकडे आली. आणि मी जाऊ लागलो. असा जाऊ लागलो की विचारू नका. पाऊस असो, ताप असो, परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेले असोत, ठरल्या वारी मी दारात हजर. कोणी फोन उचलला नाही तर धावत जायचा. म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात आधाराला दांड्या बसवून घेतल्या, शेजाऱ्यांकडे जास्तीची किल्ली ठेवायची पद्धत पाडली. लोक म्हणू लागले, मास्तरांसारखा माणूस नाही. रविवारी एकदा माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले गेले, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. शेवटच्या बाकावर दादा बसलेले होते. भीतीने केलेली सेवाही लोकांना प्रेमासारखीच दिसते.

अशी आठ वर्षं गेली.

मग दादांच्या हातांना कंप सुटला. आधी बारीक किल्ल्या बिघडायला लागल्या, मग मोठ्याही. एका महिन्यात तीन गिऱ्हाइकं परत आली, तेव्हा त्यांनी यंत्रावर कापड टाकलं आणि दुकान बंद केलं. वर्षभरात ते अंथरुणाला खिळले. आजारी माणसाकडे वडीलजनांपैकी एकाने जायचं असतं. वकिलांनी बैठकीत विचारलं, किल्लीदादांना कोण घेणार? मी हात वर केला. वार कोणता, असंही विचारलं. मी मंगळवार सांगितला. वकिलांनी तो लिहून घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दादांची खोली लहान होती. पलंगाशेजारी औषधांचं स्टूल, भिंतीवर त्यांच्या हत्यारांची पिशवी तशीच टांगलेली. मोरीची कडी अजून लोंबकळत होती. मी एका मंगळवारी स्क्रू घट्ट करून ती बसवली. वहिनी म्हणाल्या, "बघा, याला चाळीस वर्षं आणि एक मास्तर लागला." दादा हसले. त्या दिवशी बरं वाटत होतं त्यांना, म्हणून मी विचारलं.

"दादा, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात? माझ्यासाठी?"

त्यांनी हात पांघरुणाखाली घातले, थरथर दिसू नये म्हणून. "तुमच्यासाठी कशाला? माझी चौदा घरं तर गेलीच होती. तुमची सोळा होती. तुम्हीही उठला असता तर तुमचीही गेली असती, आणि उरलेल्या चौघांनी घाबरून सगळंच बंद केलं असतं. तीस घरांत मंगळवार-बुधवार कोण गेलं असतं? मी घरांचा हिशेब केला, मास्तर. गणित तुमचं चांगलं, पण ते तुम्ही केलं नव्हतंत."

मी स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या एका ओळीत लावल्या.

"आणि मला वाटलं," ते थांबून म्हणाले, "तुम्ही नंतर स्वतःच बोलाल. पुढच्या रविवारी. मग वाटलं त्याच्या पुढच्या."

मग मी त्यांना फाटकाजवळचं सांगितलं. काकांनी बाही धरली ते, मी काय म्हणालो ते, बाही सोडवून घेतली ते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी ते तोंडाने उच्चारलं. मला वाटलं होतं की दादा माझ्या खांद्यावर हात ठेवतील. माणूस किती निर्लज्ज असतो बघा; कबुली देतानाही बक्षिसाची वाट बघतो.

दादा वर छताकडे बघत होते. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाले.

निघायच्या आधी प्रार्थना करायची असते म्हणून मी डोळे मिटले.

"आज प्रार्थना नको, मास्तर."

पुढच्या मंगळवारी वहिनींनी मला दारातच सांगितलं, झोपलेत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही झोपलेच होते. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मला आत घेतलं. आवाज अगदी क्षीण झाला होता. मी खाली वाकलो.

"मला सांगून काय उपयोग?" दादा म्हणाले. "मी काय तिचा बाप आहे? तिला सांगा."

सांगतो, म्हणालो मी. नक्की सांगतो. आपण हे शब्द आधीही कोणाला तरी म्हटले आहेत, हे मला रस्त्यावर आल्यावर आठवलं.

शनिवारी दादा गेले.

त्यांच्या मातीला फार माणसं नव्हती. वकिलांनी सुरेख प्रार्थना केली. खड्ड्याच्या पलीकडे, वहिनींच्या शेजारी त्यांचा हात धरून एक बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, आता थोडे पांढरे. मी ओळखलं. ही कशी आली? हिला कोणी कळवलं?

दफनभूमी आणि उपासनेचं दालन एकाच आवारात, फाटकही एकच. सगळे पांगल्यावर वहिनी तिला त्या फाटकापर्यंत सोडायला निघाल्या. मी मागून गेलो. वहिनींनी मला बघितलं आणि त्या मागे राहिल्या.

"तुम्ही आलात," मी म्हणालो.

"दर मंगळवारी त्यांचा फोन यायचा मला," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर मी उचलतच नव्हते. तरी करत राहिले. मग एकदा उचलला. कशा आहात, एवढंच विचारायचे, आणि मी बोलेन ते ऐकत बसायचे. गेल्या दोन महिन्यांत वहिनी लावून द्यायच्या."

नऊ वर्षं मला याचा पत्ता नव्हता. मंगळवारी दुपारी त्यांचं दुकान अर्धा तास बंद असे, एवढं मी बघितलेलं होतं. जेवायला जात असतील, असं वाटायचं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांच्या बाबतीत. दादा त्या दिवशी जे बोलले ते खरं नव्हतं. मला माहीत होतं. यादी माझ्याकडे होती. आणि शिवाय काका मला एकदा इथेच—"

"फाटकाशी भेटले होते," ती म्हणाली. "तुमची बाही धरली होती. तुम्ही म्हणालात, या मंगळवारी नक्की. मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी बाबांनी फोनवर सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं. फार आनंदात होते."

ती ज्या फाटकाला हात लावून उभी होती, ते तेच होतं.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्या खोलीत. मग तुम्ही तेव्हाच मला का नाही विचारलंत?"

"विचारलं होतं की," ती म्हणाली. "मास्तर कोण, म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला तरी मिळालं असतं. तिने वहिनींना हाक मारली, दोघी गळ्यात पडल्या, आणि ती गाडीच्या वेळेत बसथांब्याकडे निघून गेली.

वकिलांनी मागितलेले दोन शब्द हे असे झाले आहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर मी ते सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि मग माझ्या पंचवीस घरांची यादी टेबलावर ठेवणार आहे. टेबलावर नव्हे, चुकलो. एकेका दारात जाऊन सोपवणार आहे. नवा माणूस बरोबर घेऊन. वहिनींच्या घरी आधी जाईन, मंगळवारी.